ॲन लुइलिये आणि ॲटोसेकंदांचं विज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲन लुइलिये कोण, आणि त्यांच्यावर एवढं लिहायचं कारण काय?

लुइलिये या फ्रेंच-स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ. जन्म १६ ऑगस्ट १९५८, पॅरिस. आता त्या स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात प्राध्यापक आहेत. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना पिएर ॲगोस्तिनी आणि फेरेन्त्स क्राउस यांच्यासोबत मिळालं. अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचाली पाहता याव्यात म्हणून ॲटोसेकंदांइतके आखूड प्रकाशाचे स्पंद कसे तयार करायचे, याच्या प्रयोगपद्धतींसाठी हा पुरस्कार होता.

पुरस्कारापेक्षा मला त्यांच्या कामाची वाट मोलाची वाटते. १९८७ साली प्रयोगशाळेत एक अनपेक्षित गोष्ट दिसली आणि पुढची तीसहून अधिक वर्षं त्यांनी तिचा पिच्छा सोडला नाही. आखूड स्पंदाचे विक्रम होत राहिले, त्यांतले काही त्यांच्याही गटाने केले. पण त्यांचा मूळ प्रश्न ‘हे असं का होतं?’ हाच राहिला. संशोधनात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना हे कुणीतरी नीट सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ॲटोसेकंद म्हणजे नेमका किती काळ?

सेकंदाचा अब्जावा भाग घ्या, आणि त्याचाही अब्जावा भाग करा. तो एक ॲटोसेकंद. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो, आणि एका ॲटोसेकंदात जेमतेम ०.३ नॅनोमीटर, म्हणजे एखाद-दोन अणूंच्या रुंदीइतका.

एवढा लहान काळ कशाला हवा, हे हायड्रोजनच्या अणूवरून कळतं. बोरच्या जुन्या चित्राप्रमाणे त्यातल्या इलेक्ट्रॉनाच्या एका फेरीला साधारण १५० ॲटोसेकंद लागतात. रेणूमधले अणू त्यामानाने सावकाश हलतात. त्यांची कंपनं दहा ते काहीशे फेम्टोसेकंदांची असतात आणि एक फेम्टोसेकंद म्हणजे हजार ॲटोसेकंद. अणूंची ही हालचाल पाहण्याचं काम अहमद झवैल यांनी केलं, त्यासाठी त्यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इलेक्ट्रॉन मात्र तेव्हाही हाताबाहेरच होते.

मग लेझरच आणखी आखूड का नाही करत?

कारण प्रकाश ही लाट आहे. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम-सफायर लेझरची तरंगलांबी ८०० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि तिचं एक आवर्तन २.७ फेम्टोसेकंदांचं असतं. स्पंद त्याहून फारसा आखूड होऊच शकत नाही. ॲटोसेकंदांत उतरायचं तर तरंगलांबी कमी करावी लागते, म्हणजे अतिनीलच्याही पलीकडे क्ष-किरणांच्या दिशेने जावं लागतं.

त्यांचं शिक्षण कसं झालं? सुरुवातीपासून भौतिकशास्त्रच होतं का?

नाही, गणितही होतं. फ्रान्समध्ये अध्यापनासाठी ‘आग्रेगासियाँ’ नावाची कठीण स्पर्धा परीक्षा असते, ती त्या गणितात उत्तीर्ण झाल्या. नंतर अणुभौतिकीकडे वळल्या. तिथे त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये क्लोद कोहेन-तानुजी आणि सर्ज आरोश होते, दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. पीएच.डी. १९८६ मध्ये झाली. तीव्र लेझर प्रकाशात अणूतून एकाहून अधिक इलेक्ट्रॉन कसे उडतात, हा विषय होता. प्रयोग पॅरिसजवळच्या सॅक्ले इथे, फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाच्या केंद्रात चालत. तिथेच त्यांना कायमची नोकरी मिळाली. मधल्या काळात स्वीडनमधल्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठात आणि लॉस एंजेलिसला पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, हेही झालं.

गणिताचा हा पाया पुढे फार कामी आला. प्रयोग आणि सिद्धान्त दोन्ही हाताशी असणारी माणसं या क्षेत्रात कमीच असतात, त्यांपैकी त्या एक.

१९८७ मध्ये नेमकं काय दिसलं?

निर्वात कक्षात आर्गॉनचा बारीक झोत सोडायचा आणि त्यावर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त लेझरचे स्पंद एकवटायचे, अशी मांडणी होती. दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३×१०^१३ वॉट इतकी तीव्रता. वायूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा होता. अपेक्षा होती प्रतिदीप्तीची, म्हणजे उत्तेजित झालेले अणू-आयन आपापल्या ठरावीक तरंगलांब्यांवर जो प्रकाश सोडतात त्याची.

दिसलं ते वेगळंच. लेझरच्या वारंवारतेच्या विषम पटींवर रेषांची रांग उभी होती : तिप्पट, पाचपट, सातपट, आणि आर्गॉनमध्ये थेट तेहतीसपट. या पटींना हार्मोनिक म्हणतात. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की षड्जाबरोबर स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा हार्मोनिक असतो. प्रकाशातही असे हार्मोनिक निघतात हे १९६१ पासून ठाऊक होतं. धक्का वेगळ्याच गोष्टीचा होता. जुन्या गणिताप्रमाणे पुढचा प्रत्येक हार्मोनिक आधीच्यापेक्षा खूपच फिका पडायला हवा. पहिले काही तसे पडलेही. त्यानंतर मात्र रेषा फिक्या पडायच्या थांबल्या. कितीतरी हार्मोनिक जवळपास सारख्याच उंचीचे, आलेखात पठार असावं तसे, आणि मग अचानक कडा.

तेहतिसावा हार्मोनिक म्हणजे ३२ नॅनोमीटर. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशापासून, वायूच्या एका झोतात, क्ष-किरणांच्या उंबरठ्यावरचा प्रकाश मिळाला होता. त्याच सुमारास शिकागोच्या एका गटालाही अतिनील लेझर वापरून निऑनमध्ये सतरावा हार्मोनिक मिळाला होता. सॅक्लेच्या मोजणीत ते पठार स्वच्छ दिसलं. शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

फक्त विषम पटीच का?

वायूतला अणू डावीकडून-उजवीकडून सारखाच दिसतो. लेझरचं विद्युतक्षेत्र प्रत्येक आवर्तनात एकदा एका दिशेला, एकदा विरुद्ध दिशेला ओढतं आणि दोन्ही वेळा अणू सारखाच प्रतिसाद देतो, फक्त चिन्ह बदलतं. त्या बेरजेत सम पटी एकमेकींना खोडतात.

पठार का येतं, हे कुणी उलगडलं?

एकट्या-दुकट्याने नाही. सहा-सात वर्षं अनेकांनी डोकं घातलं.

सोपं चित्र १९९३ मध्ये कॅनडाच्या पॉल कॉर्कम यांनी मांडलं. अमेरिकेत लिव्हरमोरला केनेथ कुलँडर आणि त्यांचे सहकारी संगणकी गणितातून त्याच ठिकाणी पोहोचले होते. या चित्रात तीन पायऱ्या आहेत. लेझरचं क्षेत्र इतकं प्रबळ असतं की अणूच्या आकर्षणाची भिंत पातळ होते आणि इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून निसटतो. मग तेच क्षेत्र त्याला दूर नेतं आणि दिशा बदलली की परत खेचून आणतं. परत येणारा इलेक्ट्रॉन आपल्याच आयनावर आदळून त्यात सामावतो, आणि वाटेत कमावलेली सगळी ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने बाहेर टाकतो.

आलेखातला कडाही यातूनच समजतो. परतणाऱ्या इलेक्ट्रॉनाला लेझरक्षेत्रात मिळू शकणारी गतिज ऊर्जा जास्तीत जास्त सरासरी दोलन-ऊर्जेच्या ३.१७ पट असते. तिच्यात आयनीभवनाची, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी, ऊर्जा मिळवली की कडा कुठे येणार ते कळतं.

लुइलिये यांचं यातलं काम दुहेरी आहे. पहिला भाग १९९४ चा. मॅचे लेवेनस्टाइन, फिलिप बाल्कू, मिशा इवानोव्ह, लुइलिये आणि कॉर्कम या पाच जणांनी या चित्राला पूर्ण क्वांटम सिद्धान्ताचं रूप दिलं. हार्मोनिकवर काम करणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांना तो निबंध आजही वाचावा लागतो. दुसऱ्या भागाबद्दल फारसं बोललं जात नाही, पण तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. प्रयोगात अब्जावधी अणू एकाच वेळी प्रकाश सोडत असतात. त्या सगळ्यांच्या लाटा एका तालात नसतील तर एकमेकींना मारतात आणि हाती काहीच लागत नाही. वायूचा दाब किती, लेझर कुठे एकवटायचा, कक्ष किती लांब, यांवर हा मेळ कसा ठरतो, याचा त्यांनी सुरुवातीपासून कसून अभ्यास केला. पुढे प्रयोगशाळांना उपयोगी पडेल इतका प्रकाश मिळू लागला, त्यामागे ही मेहनत आहे.

कायमची नोकरी सोडून त्या स्वीडनला का गेल्या?

लुंडला युरोपातला अगदी सुरुवातीचा टायटॅनियम-सफायर फेम्टोसेकंद लेझर बसवला गेला होता आणि १९९२ मध्ये त्या तिथे प्रयोगासाठी गेल्या. पुढे तिथेच स्थायिक झाल्या. त्यांचे पती क्लास-यॉरान वॉलस्ट्रॉम हेही लुंडचेच लेझर-भौतिकशास्त्रज्ञ. १९९५ मध्ये सहयोगी प्राध्यापक, १९९७ मध्ये प्राध्यापक.

हार्मोनिक १९८७ ला सापडले, मग ॲटोसेकंद स्पंद २००१ पर्यंत का मिळाले नाहीत?

स्पंद बहुधा आधीपासून तयार होत होते, पण ते आहेत हे सिद्ध कसं करायचं? एवढी आखूड गोष्ट मोजायला जगात कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण पुरं पडत नाही.

अनेक हार्मोनिक एका तालात असतील तर त्यांची बेरीज होऊन दर अर्ध्या आवर्तनाला, म्हणजे साधारण १.३ फेम्टोसेकंदाला, एक अतिआखूड ठिणगी उमटायला हवी. ताल नसेल तर नुसता गोंधळ. म्हणून आधी हार्मोनिक प्रकाश सुसंगत, म्हणजे एका तालातला, आहे का, हे तपासावं लागलं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लुंडला त्यांच्या गटाने वायूमध्ये दोन ठिकाणी हार्मोनिक तयार केले आणि त्या दोन उगमांच्या प्रकाशात व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून होणाऱ्या उजेड-अंधाराचे, पट्टे उमटतात हे दाखवलं.

निर्णायक मोजणी २००१ मध्ये दोन ठिकाणी झाली. ॲगोस्तिनी यांच्या गटाने फ्रान्समध्ये स्पंदांची माळ मोजली, त्यातला प्रत्येक स्पंद २५० ॲटोसेकंदांचा होता. क्राउस यांच्या गटाने व्हिएन्नाला ६५० ॲटोसेकंदांचा एकटा स्पंद वेगळा काढला. २००३ मध्ये लुइलिये यांच्या गटाने १७० ॲटोसेकंदांपर्यंत मजल मारली.

ॲगोस्तिनींची पद्धत ‘रॅबिट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. हार्मोनिक प्रकाश आणि मूळ लेझरचा थोडासा भाग असे दोन्ही एकत्र वायूवर सोडतात. दोन शेजारच्या हार्मोनिकनी उडवलेले इलेक्ट्रॉन लेझरचा एकेक फोटॉन घेऊन किंवा देऊन मधल्या एकाच ऊर्जेवर येतात. दोन वाटांनी एकाच ठिकाणी आल्यामुळे त्यांचं व्यतिकरण होतं. दोन्ही किरणांमधला विलंब बदलत गेलं की मधल्या रेषेची उंची खालीवर होते, आणि त्या चढउतारातून हार्मोनिकमधला ताल वाचता येतो.

प्रत्यक्ष प्रयोगशाळेत हे कसं दिसतं?

बराच वेळ काहीच दिसत नाही! लेझर अवरक्त, हार्मोनिक अतिनीलच्या पलीकडचे, दोन्ही डोळ्यांपलीकडे. शिवाय हा प्रकाश हवेत लगेच शोषला जातो, त्यामुळे पुढचा सगळा प्रवास पोलादी निर्वात नळ्यांमधून होतो.

मूळ लेझर गाळायला साधारण २०० नॅनोमीटर जाडीचा ॲल्युमिनिअमचा पापुद्रा लावतात. तो अवरक्त अडवतो आणि हार्मोनिक जाऊ देतो. त्याला बोट लावणं सोडाच, निर्वात कक्षात घाईने हवा सोडली तरी तो फाटतो. दोन किरणांमधला विलंब १०० ॲटोसेकंदांनी बदलायचा तर आरसा फक्त १५ नॅनोमीटर सरकवायचा, कारण प्रकाश जातो आणि परत येतो. पंपांची थरथर, खोलीचं तापमान, हवेचा झोत, कशानेही आरसा त्याहून जास्त हलू शकतो. म्हणून दुसऱ्या एका लेझरने ते अंतर सतत मोजून आरसा जागच्या जागी सावरत राहावा लागतो. या क्षेत्रातल्या पीएच.डी.चे कितीतरी महिने अशी मांडणी स्थिर करण्यात जातात, आणि ते महिने वाया गेले असं कुणी समजू नये. खरं शिक्षण तिथेच होतं.

त्यांच्या कामातला तुमचा आवडता भाग कोणता?

निऑनचा. २०१० मध्ये जर्मनीत क्राउस यांच्या गटाने निऑनमधून इलेक्ट्रॉन उडवले आणि दाखवलं की २पी कवचातला इलेक्ट्रॉन त्याहून घट्ट बांधलेल्या २एस कवचातल्यापेक्षा २१ ॲटोसेकंद उशिरा निघतो. तोपर्यंत प्रकाश पडताक्षणी इलेक्ट्रॉन बाहेर, असंच धरून चालत. त्यामुळे हा निकाल मोठा होता. अडचण एवढीच की सिद्धान्तवाल्यांचं उत्तर जुळेना. कुठल्याही पद्धतीने गणित केलं तरी विलंब त्याच्या जेमतेम निम्मा येई. वर्षानुवर्षं हा तिढा सुटला नाही.

२०१७ मध्ये लुंडच्या गटाने तोच प्रश्न रॅबिट पद्धतीने तपासला. स्पंद जितका आखूड, तितकी त्यातली ऊर्जा पसरट. यातून निसर्ग कुणालाही सूट देत नाही. जर्मन प्रयोगातला एकटा स्पंद इतका आखूड होता की वर्णपटातल्या जवळच्या रेषा एकमेकींत मिसळल्या असणार. लुंडला हार्मोनिकची माळ वापरल्यामुळे वेळेबरोबर ऊर्जाही बारीक मोजता आली. तेव्हा २एस च्या रेषेशेजारी आणखी एक रेषा वेगळी दिसली. एक इलेक्ट्रॉन उडताना दुसऱ्यालाही वरच्या पातळीवर ढकलून देतो, त्या प्रक्रियेची. ती बाजूला काढल्यावर प्रयोग आणि गणित जुळले.

यात पहिल्या गटाचं श्रेय कमी होत नाही, त्यांनी मोजलं नसतं तर प्रश्नच उभा राहिला नसता. पण ३० वर्षं हार्मोनिकचा स्वभाव ओळखून असलेल्या गटालाच ही गोष्ट सुचावी, यात मला नवल वाटत नाही.

पॉल कॉर्कम यांना नोबेल का नाही?

एक पुरस्कार तिघांपेक्षा जास्त जणांना देता येत नाही, आणि २०२३ चा पुरस्कार प्रयोगपद्धतींसाठी होता. २०२२ चा वोल्फ पुरस्कार कॉर्कम, क्राउस आणि लुइलिये यांना मिळाला होता. माझ्या मते या विषयाचा इतिहास सांगताना कॉर्कम यांचं नाव घेतलं नाही तर तो अर्धाच राहतो.

यात क्ष-किरण कुठे येतात?

हार्मोनिकच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारणपणे काही दशक ते काहीशे इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) असते. रेणूतली अणूंची रचना पाहायला हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टचे क्ष-किरण लागतात, तेही प्रखर आणि आखूड. त्यासाठी मुक्त-इलेक्ट्रॉन लेझर आले. यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशवेगाने चुंबकांच्या लांब रांगेतून नागमोडी पळवतात आणि ते एका तालात क्ष-किरण सोडतात. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक केंद्राचा असा लेझर एप्रिल २००९ मध्ये सुरू झाला, जपानचा २०११ मध्ये, आणि हॅम्बुर्गचा ३.४ किलोमीटर लांबीचा २०१७ मध्ये. स्लॅकच्या नव्या अतिवाहक यंत्रातून सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला प्रकाश आला. सेकंदाला १० लाख स्पंदांपर्यंत जाण्यासाठी ते बांधलं आहे, जुनं यंत्र १२० देत असे.

आता ही यंत्रंही ॲटोसेकंदांत उतरली आहेत. २०२४ मध्ये स्लॅकच्या क्ष-किरण स्पंदांनी द्रवरूप पाण्यातल्या इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद टिपला गेला. एका स्पंदाने धक्का द्यायचा, दुसऱ्याने पाहायचं, आणि दोन्ही स्पंद ॲटोसेकंदांचे.

म्हणून टेबलावरचे प्रयोग संपले असं नाही. महायंत्रावर वर्षातून मोजके दिवस मिळतात, तेही अर्ज मंजूर झाला तर. आपल्या प्रयोगशाळेत रोज काम करता येतं, चुकता येतं, पुन्हा करता येतं.

याचा रोजच्या जगण्यात काय उपयोग?

सध्या मुख्यतः समजुतीचा. सेमीकंडक्टर उद्योगाला चिपवरच्या अतिसूक्ष्म रचना तपासण्यासाठी हार्मोनिक प्रकाशात रस आहे. क्राउस यांचा गट आखूड लेझर स्पंदांनी रक्ताच्या नमुन्यातून आजाराची चाहूल लागते का, हे शोधतो आहे. यापलीकडे जी मोठमोठी आश्वासनं ऐकू येतात त्यांवर मी तूर्त विसंबणार नाही.

नोबेलच्या दिवशी त्या वर्गात शिकवत होत्या, हे खरं का?

खरं. ३ ऑक्टोबर २०२३ ला स्टॉकहोमहून फोन आला तेव्हा तास चालू होता. मधल्या सुटीत त्यांनी फोन पाहिला, बातमी ऐकली आणि परत जाऊन उरलेला तास पूर्ण केला. शेवटचा अर्धा तास शिकवणं जरा कठीण गेलं, असं त्यांनीच नंतर सांगितलं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पाचव्या स्त्री. आधीच्या चार : मारी क्युरी १९०३, मारिया गेपर्ट-मायर १९६३, डोना स्ट्रिकलँड २०१८, अँड्रिया गेझ २०२०. पहिल्या दोघींमध्ये ६० वर्षं आणि नंतर आणखी ५५ वर्षं गेली, याची खंत वाटायलाच हवी.

मी महाराष्ट्रात बीएस्सी करते आहे. या क्षेत्रात कशी येऊ?

परदेशाकडे पाहण्याआधी जवळ पाहा. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) अतिआखूड, अतितीव्र लेझरवर कित्येक वर्षं काम चालू आहे. पवईच्या आयआयटीत ॲटोसेकंद भौतिकीच्या सिद्धान्तावर संशोधन होतं. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वर्तुळात फिरवून क्ष-किरण देणारं यंत्र, आहे, तिथले क्ष-किरण वापरायला बाहेरचे संशोधकही अर्ज करतात.

वाट अशी : एमएस्सीसाठी जॅम, पुढे पीएच.डी.साठी जेस्ट, गेट, नेट किंवा टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. त्याआधी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मिळवायचा प्रयत्न जरूर करा. टीआयएफआरची आहे, भारतीय विज्ञान अकादमीची आहे. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत घालवले की हे काम आपल्याला रुचतं का, ते कळतं. प्रकाशशास्त्र आणि फूरिये विश्लेषण पक्कं करा, पायथनमध्ये स्वतः गणितं सोडवा. कॉलेजात मिशेलसनचा व्यतिकरणमापी असेल तर प्रॅक्टिकलपुरता हात लावून सोडू नका. ॲटोसेकंदांच्या मांडणीत तोच विचार मोठ्या रूपात भेटतो.

स्वीडनला पीएच.डी. करायची तर खर्च किती येतो?

तिथे पीएच.डी. ही पगारी नोकरी असते, शुल्क नसतं. मोठी प्रवेश परीक्षाही नसते. प्रत्येक जागेची स्वतंत्र जाहिरात निघते आणि नोकरीसारखाच अर्ज करायचा. संशोधनाची चार वर्षं धरतात, सोबत थोडं शिकवावं लागलं तर तेवढा काळ वाढतो. अर्जात एमएस्सीचा प्रबंध नीट मांडा : कोणती मांडणी स्वतः उभी केली, काय मोजलं, मोजणीत किती चूक असू शकते आणि तो अंदाज कसा काढला. शिफारसपत्र ज्यांनी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलंय त्यांच्याकडूनच घ्या.